डावीकडचा एक

लोकेश आला, मागचं पत्र्याचं झाकण काढलं, टॉर्च मारला
आणि शिंकावं इतक्या सहज म्हणाला,
"आंटी, बोर्ड उड़ गया. सात हज़ार."
कशालाही हात न लावता.

तेहतीस वर्षं मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये
मीटर काढून दिले, मोजून परत घेतले,
पितळी टर्मिनलं लिंबानं घासली,
वायरींची टोकं सोलली, कोणी बघत नसलं की दातांनी.
रीडिंग घेतलं नाही एकही.
रीडिंग मुलींनी घ्यायचं,
सही मुंगी मॅडमनी करायची,
कपाटाला कुलूप मी लावायचं.
आणि त्या मुली!
उत्तर आधी, शेजारणीच्या वहीतून,
आकडे मागाहून, उत्तराला शोभतील असे,
मीटरकडे बघायचं ते काचेत केस नीट दिसतात का म्हणून.

महाराणी रोडवर तीनशे साठला मिळाला, पिवळा.
"किसके लिए चाहिए?"
मी म्हटलं, मेरे लिए.
त्यानं सेल घालून दिला, पैसे घेतले नाहीत.

दुपारी अडीचला प्लग काढला
आणि पुढ्यातच ठेवला, दिसेल असा,
आपण काढला होता की नाही
ही शंका मधेच येते, माझ्या वयात.
दुधाच्या हिशोबाची वही उलटी केली,
शेवटच्या पानावर पट्टीनं रेघा मारल्या:
घटक. अपेक्षित. आढळले.

आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली. शून्य दशांश चार.
मीटर खरं बोलतो का, हे पहिल्यांदा त्यालाच विचारायचं असतं.

हीटर: अठ्ठावीस.
नर्मदेचं पाणी दिवसाआड, मधल्या दिवशी बोरिंगचं,
वर चुन्याचा थर असणारच; तार मात्र आत सलग.
निचऱ्याचा पंप: एकशे चौसष्ट.
त्याच्या जाळीत धाग्यांचा लगदा, एक टाचणी
आणि ह्यांच्या सफारीचं तपकिरी बटण.
हे जाऊन सहा वर्षं झाली. मशीन चार वर्षांचं आहे.
बटण कुठल्याच रकान्यात बसेना.
खिडकीत ठेवलं.

पाण्याचे व्हॉल्व्ह दोन,
दोघांचे चार हजाराला थोडे कमी, जुळ्यांसारखे.

मग दाराचं लॉक. बटण दोन हजारावर.
आकडे गेले.
डावीकडे एकटाच एक उभा.

मुली धावत यायच्या, "बाई, एक आला! एक लिहू?"
मी म्हणायची, मॅडमना विचारा.
मला माहीत होतं.
तो एक म्हणजे एक नव्हे,
तो म्हणजे मोजायला माझ्याजवळ जागा नाही,
म्हणजे वाट कुठेतरी तुटली आहे.
मला तेव्हाही माहीत होतं.

पॉलिश पेपरनं पत्त्या घासल्या, पुन्हा लावलं. एक.
वायर हलवली. एक.
दार रोज लागत होतं, चांगलं दणकून,
मशीनपर्यंत ती बातमी पोचत नव्हती इतकंच.
बिचारा बोर्ड वाट बघत बसला होता,
आणि उडाल्याचा आळ त्याच्यावर.

नवीन लॉक सियागंजमध्ये, साडेसहाशे.
पैसे द्यायच्या आधी काउंटरवरच मीटर लावला: नऊशे ऐंशी.
दुकानदारानं मीटर आपल्याकडे वळवून पाहिला,
मग मला.

बसवायला पाऊण तास गेला, दोन स्क्रू कपाटाखाली गेले,
त्यातला एक सापडला.
दार लावलं. क्षणभर काही नाही.
मग आतून *खट्*,
आणि पाणी.

वहीत लिहिलं: लॉक, अपेक्षित हजार, आढळले अनंत.
खाली सहीपुरती जागा सोडली, सवयीनं.
महिनाअखेर होती. संध्याकाळी भंवरलाल दूधवाल्यानं
वही उलटीच हातात घेतली,
रकाने वरपासून खालपर्यंत बोट फिरवून तपासले
आणि त्या जागेवर बरोबरची खूण केली.

मी काही बोलले नाही.
टॉवेल वाळत घालायचे होते.